नाक मेलेलं घर

तू आधी ऐकून घे. मधे बोलू नकोस, सगळं सांगून झालं की मग काय ते बोल.

तर एक बुटांचं घर होतं. घर म्हणजे कारखानाच आणि कारखाना म्हणजे घरच. पुढच्या पत्र्याच्या खोलीत बूट बनायचे, मागच्या खोलीत स्वयंपाक व्हायचा, आणि मधल्या पडद्याला दोन्हीकडचे डाग. दोन भाऊ, दोघांच्या बायका. थोरला चामडं कापायचा. धाकटा पावलाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर बूट चढवायचा, सोल ठोकायचा. आणि चिकटवायचं काम दोघी जावांचं. पिवळ्या डब्यातलं सोल्युशन, मधासारखं घट्ट, ब्रशनं लावलं की फुंकर मारेपर्यंत वाळलंच म्हणून समज. गल्लीत नवखं कुणी आलं तर दारातच त्याचे डोळे चुरचुरायचे. घरातल्यांना काहीच नाही.

म्हणजे आपले ते म्हणायचे, काही नाही.

थोरल्या जावेचं आधी काय झालं, तर चालता चालता तिच्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. चार पावलं अनवाणी पुढे गेली की धाकटा दीर ओरडायचा, "वहिनी, तुमची चप्पल माहेरी निघाली बघा!" सगळे हसायचे. तीही हसायची. मग तिची पावलं लोंबायला लागली. पाय उचलला की पंजा खाली पडायचा, जमिनीवर फटक फटक वाजायचा. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे. टॉनिक दिलं. टॉनिक संपलं, फटक फटक वाढलं. मग तिला स्टुलावर बसवलं आणि कामं बसल्या जागी द्यायला लागले. बसून असली की काही कळायचं नाही.

आणि मग धाकटीला एक दिवस सुई टोचली. टोचली हे तिला बुटावर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं. तिनं बोटाकडे बघितलं, सुई अजून आतच होती. बघ, आतच! तिनं ती हळूच उपसली, बूट पुसला आणि समोर बसलेल्या थोरलीच्या पायांकडे बघत राहिली. चिकटवणाऱ्या दोघीच, आणि बधिर होणाऱ्याही दोघीच. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच किडा. हा पिवळा डबा या घरातून जायला हवा. माझे हात जायच्या आत जायला हवा.

पण जाणार कसा? जुना व्यापारी बूट न्यायचा तोच, आणि डबे आणून द्यायचा तोही तोच. दुसरं काही वापरतो म्हटलं असतं तर त्यानं तोंडावर हसून दुसरं घर धरलं असतं.

आणि अशात ती कंपनी आली.

लहान मुलांच्या शाळेचे बूट. परदेशात जाणार. बुटावर हिरव्या पानाचा शिक्का. कंपनीनं आसपासच्या सगळ्या बूटवाल्यांना आपल्या गोडाऊनमध्ये बोलावलं. तिथे एक चष्मेवाला साहेब होता, तरुणच, बोलायला गोड. त्यानं फळ्यावर गोल गोल कड्या काढल्या. म्हणाला, "चामडं कुठून आलं, ते कशानं कमावलं, दोरा कुठला, खोकं कशाचं, गोंद कुठला, उरलेले तुकडे कुठे टाकले, हे सगळं आम्हाला बघायचंय. एक कडी घाण असली तर आख्खी साखळी घाण. आम्हाला हिरवी साखळी हवीय."

थोरला भावाच्या कानात पुटपुटला, "हिरवी असो नाहीतर पिवळी. बांधणार आपल्यालाच ना?"

मग साहेबानं पांढरा डबा उघडला. पाण्यातला गोंद. दुधासारखा पांढरा, लावला की पांढरा दिसतो आणि वाळला की काचेसारखा होतो. काचेसारखा झाला की मगच सोल दाबायचा. त्यानं लावून दाखवला. गोडाऊनमध्ये थंड हवेचं मशीन घुमत होतं, चहा संपायच्या आत गोंद काचेसारखा झालासुद्धा! बायका "अगं बाई" म्हणाल्या.

धाकटीनं हात वर केला. "साहेब, यानं बोटं बधिर होत नाहीत ना?"

साहेब थांबला. "कुणाची होतात बधिर?"

थोरला खोकला. असा खोकला, की कुणालाही कळावं.

"कुणाची नाही," ती म्हणाली. "आपलं सहज विचारलं."

"तुम्ही बरोबर प्रश्न विचारलात बाई," साहेब म्हणाला, आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तुमच्या घरात गोंदाची जबाबदारी तुमची." परतताना थोरला रस्ताभर तिला "गोंदाच्या कलेक्टरीणबाई" म्हणत होता. तिला राग नाही आला. अरे, ती तर मनातल्या मनात नाचत होती!

आणि सुरुवातीला सगळं मस्त चाललं, खोटं कशाला सांगू. ऊन होतं. बूट पत्र्यावर ओळीनं ठेवायचे, वाळले की खाली आणायचे. शेजारच्या मशीनवाल्या काकू चामड्याचे भाग शिवून द्यायच्या. कंपनीचं काम आल्यावर त्यांनीही घासाघीस करून नवीन मशीन घेतली. थोरली एका सकाळी म्हणाली, "अगं धाकटे, आज उठल्यावर माझं डोकं दुखलंच नाही. मला वाटलं मी मेले की काय." दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

मग ओल सुरू झाली.

पाऊस म्हणशील तर तसा धो धो नाही. नुसती रिपरिप, धुकं, आणि ऊन नावाला नाही. भिंतींना घाम फुटला. पत्र्याच्या आतून पाणी टपकायचं. चामडं हाताला थंडगार आणि गिळगिळीत लागायचं, कापायच्या रापीला रात्रीत गंज चढायचा. आणि गोंद? लावला की पांढरा. दुपारी बघितलं, पांढरा. दिवे लागायला आले, तरी पांढरा! कंटाळून धाकट्यानं तसाच सोल दाबला, तर सकाळी बुटानं तोंड वासलेलं. एक नाही, आख्खी ओळ. जांभया देत बसल्यासारखे बूट.

"हे बघ, तुझे बूट झोपेतून उठले," थोरला म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

धाकट्यानं काय नाही केलं? पंखा लावला. फिरवला तर ओलीच हवा. इस्त्री फिरवली, तर चामडं आखडलं. शेवटी लाकडी पेटी ठोकली, आत बल्ब लावले, बूट त्यात ठेवले. ते मात्र जमलं! पेटीतून बूट खडखडीत बाहेर आले. धाकटी त्याच्याकडे अशी बघत होती, जसा काही त्यानं तिला महाल बांधून दिला. आणि तेवढ्यात वीज गेली. मग रोजच जायला लागली. आली तरी दिवा मिणमिणता. पेटीत मावायचे मूठभर बूट, आणि कंपनीला हवा होता ट्रकभर.

तिनं साहेबाला फोन लावला. "साहेब, हवा कोरडी झाली की सगळे बूट देते. थोडी तारीख पुढे करा."

"बाई, जहाज थांबत नाही," तो म्हणाला. बोलला गोडच. "आणि शाळाही थांबत नाहीत. कसं तरी करा."

कसं तरी करा. थोरल्यानं तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती पाणी भरून आली, तर थोरला मांडी घालून बसलेला, आणि पुढ्यात पिवळा डबा. गोणपाटाखाली झाकून आणला होता. ब्रश चालू होता सपासप.

"भाऊजी, हे काय?"

"औषध," तो म्हणाला. "तुझ्या पांढऱ्या दुधाला ओलीचा आजार झालाय. हे लावलं की बरा होतो."

"साहेबांना कळलं तर?"

"कळेल कसं? वाळलं की दोन्ही सारखंच दिसतं. पांढरा डबा टेबलावर ठेव समोर, चांगला दिसेल असा."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो फर्म्यावर बूट ओढत होता, नको इतक्या जोरानं.

दुपारी ती भांडी घासत असताना तो तिच्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मला काय आनंद होतोय का?"

"तुम्ही पेटी केली होती."

"केली होती. वीज मी कुठून आणू?" तो खाली बसला. "ऐक. हे ओले दिवस तेवढे काढायचे. माल गेला की कंपनी आपली. साहेब म्हणालाय, चांगलं काम केलं तर पुढच्या वर्षी वाळवायचं मोठं कपाट देणार. मग आहेच की तुझा पांढरा डबा कायमचा. आणि माल नाही गेला तर? कंपनी गेली. मग उरला कोण? तो व्यापारी. मग पिवळा डबा जन्मभर. तूच सांग, कुठला धरू?"

तो खोटं बोलत नव्हता, कळतंय ना? हा पिवळा डबा कायमचा घालवायचा तर थोडे दिवस तोच वापरायचा, हे त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काढता येत नव्हती.

"वहिनींचे पाय थोडे दिवस थांबतील का?" ती म्हणाली.

तो उठून गेला.

मग तिनंही ब्रश घेतला. घेतला, हो. थोरलीच्या शेजारी बसून तीही लावत राहिली. ट्रक भरायचा होता. काकूही दिवसभर मशीन हाणत होत्या. सगळं घर एका लयीत चाललेलं, आणि थोरलीचं डोकं परत दुखायला लागलेलं. कपाळाला घट्ट फडकं बांधून ती काम करायची. धाकटी विचारायची, "ताई, पडता का जरा?" ती म्हणायची, "पडले तर उठवायला परत तूच येशील. राहू दे."

माल तयार झाला. खोकी रचली, पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकचा एक धागा नाही. खोक्याखोक्यावर हिरवं पान. आणि साहेबाचा निरोप आला की ट्रकच्या आधी तो स्वतः बघायला येतोय.

आता गंमत ऐक. गंमत कसली म्हणा, पण ऐक.

सगळं घर कामाला लागलं. पिवळे डबे काकूंच्या माळ्यावर गेले. फरशी साबणानं धुतली, दार खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला, पडदासुद्धा काढून टाकला. मग थोरला खोलीच्या मधोमध उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला. "येतो का वास?" स्वतःच म्हणाला, "छे! काही नाही."

धाकटा कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन हुंगून आला. "नाही बुवा."

"धाकटे?"

तिनं खोक्याशी वाकून हुंगलं. "नाही."

थोरली स्टुलावरून म्हणाली, "मला विचारू नका. मला तर चहाचाही वास येत नाही हल्ली."

"त्या चहाला वास असतोच कुठे!" थोरला म्हणाला, आणि सगळे खदाखदा हसले.

एकटी धाकटी हसता हसता थांबली. तिनं चुलीवरच्या पातेल्यात तोंड घातलं. चहा उकळत होता, वाफ नाकाला भाजली. नुसती गरम हवा! तिनं साबणाची वडी हुंगली. मग स्वतःचा पदर. काही नाही. कशालाच काही नाही. ती पडदा काढलेल्या दारात उभी राहून या तिघांकडे बघत राहिली. छाती फुगवून, खुशीत, धुतलेल्या फरशीवर उभी असलेली ही माणसं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

साहेब हसत हसत पायरी चढला आणि उंबऱ्यात थांबला. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

थोरला त्याच्या रुमालाकडे बघत होता. वास येतोय हे घरातल्यांना त्या रुमालावरून कळलं, म्हणजे विचार कर!

"तुम्हाला येत नाही?" साहेबानं विचारलं.

"काय साहेब?" थोरला म्हणाला.

साहेबानं चौघांकडे एकेक करून बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याला कळलं होतं. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "हे बघा. उद्या ट्रक आहे. परवा जहाज. हा माल गेला नाही तर मलाही कुणी शाबासकी देणार नाही. मला सर्दी झालीय असं समजा."

थोरल्यानं एवढा मोठा श्वास सोडला!

"फक्त एक करायचं," साहेबानं मोबाईल काढला. "तिकडच्या गिऱ्हाईकांना दाखवायला छोटा व्हिडिओ लागतो. ज्या हातांनी बूट चिकटवले, त्या बाईंनीच बोलायचं. साधंच. आम्ही पाण्यातला गोंद वापरतो, आमच्या घरात दुसरं काही नाही. बाई, तुम्ही या. उजेडात."

धाकटीला टेबलामागे उभं केलं. पांढरा डबा समोर. हातात छोटासा बूट दिला, तिच्या तळहाताएवढा. साहेब मोबाईल वरखाली करून बघत होता. मग म्हणाला, "त्या ताई मागे दिसतायत. त्या जरा आत बसतील का?"

थोरली स्टुलावरून उठली. भिंतीला हात लावला. फटक. फटक. खोली केवढीशी ती, पण संपेचना. अर्ध्यात तिची चप्पल सुटली, ती तशीच पुढे गेली, आणि या वेळी कुणी काही म्हणालं नाही. साहेब मोबाईल खाली धरून तिच्या पायांकडे बघत होता. ती आत गेल्यावरही आवाज येत होता. मग थांबला.

"हं," साहेब म्हणाला. मोबाईल परत वर धरला. "बोला बाई."

धाकटा दारात उभा होता. त्याच्या मागे काकू आलेल्या, पदरानं नाक झाकून. धाकटीनं मोबाईलकडे बघितलं.

"या बुटांना जुनं सोल्युशन लावलंय," ती म्हणाली.

साहेबानं बोट दाबून व्हिडिओ थांबवला. "घाबरलात. असं होतं. परत घेऊ."

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" थोरला ओरडला.

"तुम्ही थांबा हो. बाई, परत. एक, दोन..."

"ओल आल्यापासून सगळे बूट पिवळ्या डब्यातले आहेत. पाण्यातला गोंद वाळत नव्हता. आम्हाला दिवस हवे होते, ते मिळाले नाहीत."

साहेब परत म्हणाला नाही, परत घेऊ. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. "मला हे ऐकायचं नव्हतं," तो म्हणाला. "आता ऐकलं. आता मला सर्दी होऊ शकत नाही."

"मग हे वर लिहा साहेब. ओलीच्या दिवसांत तारीख पुढे द्या म्हणून लिहा. कपाट आधी द्या म्हणून लिहा. लहान मुलं असले बूट घालून..." तिनं हातातला बूट टेबलावर ठेवला.

"लिहीन," तो म्हणाला. पायरी उतरताना त्यानं मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं. लिहिलं की नाही, देव जाणे. उत्तर काही आलं नाही.

ट्रक गल्लीत आला आणि त्यांच्या दारावरून पुढच्या घरी गेला. खोकी तशीच. काकूंनी नव्या मशीनवर चादर टाकली. धाकटीला त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, खरं बोलायचं तर आधी मला सांगून बोलायचंस. मी मशीन वेळेत परत तरी केली असती." आणि हे तिला थोरल्याच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. थोरला तर बोलायचाच बंद झाला. घरादाराच्या पोटावर पाय दिलास, म्हणाला, आणि त्यानंतर पाणी हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचा.

थोरली तिला चुलीपाशी म्हणाली, "मी आत बसून सगळं ऐकलं. चांगलं केलंस की वाईट, मला कळत नाही गं. पण मला आत बसवून तू खोटं बोलली असतीस ना, तर मी परत बाहेर आले नसते."

मग व्यापारी आला. येणारच. पानाचे शिक्के खरवडून काढायला लावले, पडेल भावात सगळे बूट उचलले आणि पिवळे डबे उतरवले. "आलात ना परत घरी?" म्हणाला.

डबे टेबलाशी ठेवले. धाकटी जागची हलली नाही. ती म्हणाली, "मी यापुढे ब्रश धरणार नाही. आणि ताईंनाही धरू देणार नाही. दोरे कापू, बूट पुसू, काय सांगाल ते करू. हे नाही."

थोरला भिंतीकडे बघत होता. आता काहीतरी फुटणार असं तिला वाटलं. पण तिचा नवरा उठला. त्यानं फर्मा बाजूला ठेवला, तिचं स्टूल ओढलं, डब्याचं झाकण उचकटलं आणि ब्रश बुडवला.

"अहो, तुम्ही कशाला?"

"कुणीतरी बसायलाच हवं ना," तो म्हणाला.

आता तो रोज तिथे बसतो. दिवसा सोल्युशन लावतो, आणि वीज असली की ती लाकडी पेटी दुरुस्त करत बसतो. मोठी करतोय. होईल का ठाऊक नाही. धाकटी दाराशी बसून दोरे कापते. दोरे कापताना सारखी त्याच्या पावलांकडे बघते, नीट उचलतोय ना म्हणून. परवा तिनं विचारलं, "पायाला मुंग्या येतात का हो?"

तो म्हणाला, "तू तुझं काम कर."

म्हणजे नाही असं नाही म्हणाला तो, लक्षात येतंय का तुझ्या? नाही असं नाही म्हणाला!

झालं, एवढंच. आता बोल. तिच्या जागी तू उभं असतंस, समोर तो मोबाईल, हातात तो एवढासा बूट, आणि आत ती बाई भिंत धरून बसलेली. तू काय बोललं असतंस?